रोजचे एक रुपया ऐंशी पैसे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत दुकानात मी दिवाणजी आहे. हंगामात दिवसाला तीस-चाळीस पट्ट्या माझ्या हातून जातात. इतकी पोती, इतकं वजन, हा दर, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, आणि तळाला देय रक्कम. शेतकरी तळाचा आकडा बघतो, पट्टीची घडी घालतो आणि खिशात ठेवतो. मधल्या ओळी मी वाचतो, कारण त्या चुकल्या तर शेठ माझ्याच पगारातून वळत्या करतात. म्हणजे बारीक ओळी वाचण्यावर माझं पोट आहे. आणि स्वतःच्या गाडीची पॉलिसी मी सव्वादोन वर्षं उघडूनसुद्धा बघितली नव्हती.

गाडी 2021 च्या दसऱ्याला घेतली. सव्वाशे सीसीची. पेढ्यांचा बॉक्स, हँडलला झेंडूचा हार, आणि शोरूममधल्या पोरानं हातात दिलेलं प्लास्टिकचं फोल्डर. "पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे दादा, आता 2026 पर्यंत बघायचंच नाही," असं तो म्हणाला. मी बघितलं नाही. 2022 च्या ऑक्टोबरात मोबाईलवर मेसेज यायला लागले, पॉलिसी संपतेय, रिन्यू करा. मला वाटलं, फसवणूकवाले असतील. हल्ली कुणाचा भरवसा आहे? सगळे पुसून टाकले.

घर कवठेएकंदला, दसऱ्याला शोभेची दारू उडवणारं गाव ते आमचंच. रोजचा रस्ता ठरलेला: सांगली, माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कुमठे फाटा, घर. नोव्हेंबर ते मार्च या रस्त्यानं रात्री गाडी चालवणं काय असतं, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यावर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि टेपवर गाणं इतकं मोठ्यानं की मागचा हॉर्न ड्रायव्हरच्या कानापर्यंत जायचा प्रश्नच नाही. तरी चालती ट्रॉली परवडली. गाणं ऐकू येतं, धूळ दिसते, उसाचा वास येतो. बंद पडून उभी असलेली ट्रॉली मात्र रस्त्याच्याच रंगाची होते.

2024 चा जानेवारी. रात्री साडेआठच्या सुमारास मी कवलापूर सोडलं. समोरून एक टेम्पो अप्पर लावूनच येत होता. मी डिप्पर मारला, त्यानं काही ऐकलं नाही. तो शेजारून गेला तेव्हा दोन सेकंद डोळ्यांपुढं नुसतं पांढरं. ते विरलं तर समोर उसाची कापलेली टोकं. शेकडो. गोल, ओली, प्रत्येकाच्या मध्यभागी पांढुरका गर. इतक्या जवळून मी ऊस रसवंतीत पण बघितला नव्हता. ब्रेक दाबला. गाडीला कॉम्बी ब्रेक आहे, सव्वाशेपर्यंतच्या नव्या गाड्यांना तो 2019 पासून सक्तीचाच आहे. दोन्ही चाकं धरली म्हणून गाडी आडवी होऊन गेली. सरळ गेली असती तर हे लिहायला मी नसतो.

ट्रॉलीचा टायर बसला होता. मागच्या चाकाला दोन दगड लावलेले, आणि आठ-दहा फुटांवर रस्त्यात बाभळीची एक फांदी टाकलेली. सावधगिरी म्हणून एवढंच. रिफ्लेक्टर नाही, लाल दिवा नाही, मागं नंबरप्लेट पण नाही. आता यातली गंमत बघा. 1 एप्रिल 2017 पासून प्रत्येक नव्या दुचाकीचा हेडलाईट दिवसाढवळ्यासुद्धा चालूच राहतो, बंद करायचं बटणच काढून टाकलंय. का, तर आपण समोरच्याला दिसावं म्हणून. आणि वीस टन ऊस अंधारात उभा, त्याच्या पाठीला चार रुपयांची लाल पट्टी नाही. हंगामाच्या तोंडाला पोलिस आणि आरटीओवाले कारखान्याच्या गेटवर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, पेपरात फोटो येतो, हे खरं आहे. पण दोन महिन्यांत ते रिफ्लेक्टर चिखलाखाली जातात.

हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता. हे मी फुशारकीनं सांगत नाही. आमच्याकडं सक्ती आली की हेल्मेट हँडलला लटकतं आणि सक्ती ओसरली की माळ्यावर जातं, माझंही तसंच व्हायचं. त्या दिवशी थंडी होती आणि कान झाकायला मफलर सापडला नव्हता, एवढंच कारण. डोकं ट्रॉलीच्या लोखंडी कडेला आपटलं. हेल्मेटला उजव्या कानाच्या वर बोटभर चीर गेली. सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही. उजव्या गळपट्टीचं हाड मात्र दोन ठिकाणी मोडलं, आणि मनगटाजवळ एक.

मागून गावातलीच दोन पोरं येत होती. त्यांनी मला उचलून रिक्षात घातलं, आणि त्यातल्या एकानं एक काम केलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. मला हलवायच्या आधी त्यानं मोबाईलवर फोटो काढले. ट्रॉलीची मागची बाजू, फांदी, दगड, आणि पुढं जाऊन ट्रॅक्टरची नंबरप्लेट. दुसऱ्यानं माझं हेल्मेट आणि डबा उचलून घरी नेऊन दिला. तोही भल्यासाठीच. त्याचा त्रास पुढं कसा झाला ते सांगतोच.

मिरजेच्या खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, प्लेट घातली, सहा स्क्रू. एकूण बिल 1 लाख 34 हजार. तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं ते प्लास्टिकचं फोल्डर उघडलं. पॉलिसी अशी मी पहिल्यांदाच वाचली, आणि पट्टी वाचतो तशी, एकेक ओळ.

पहिली ओळ थर्ड पार्टी: मुदत पाच वर्षं, हप्ता 3,285 रुपये. दुसरी ओळ ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान: मुदत एक वर्ष. तिसरी पर्सनल ॲक्सिडेंट, मालक-चालक, 15 लाख: मुदत एक वर्ष. खाली 18 टक्के जीएसटी. म्हणजे शोरूमवाला पोरगा खोटं बोलला नव्हता. पाच वर्षांचा विमा होता, पण फक्त पहिल्या ओळीचा. 2018 च्या सप्टेंबरपासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा गाडीबरोबरच घ्यावा लागतो, म्हणून तो पाच वर्षांचा. बाकीचे दोन ऑक्टोबर 2022 लाच संपलेले. ज्या मेसेजना मी फसवणूक समजलो, ते खरे होते.

मग थर्ड पार्टीत मला काय मिळणार? एजंट मला फोनवर म्हणाला, "दादा, तुमच्या पॉलिसीत तुम्ही थर्ड पार्टी नाही. तुम्ही ज्याला धडकाल, तो थर्ड पार्टी."

हे वाक्य मला चार वेळा ऐकावं लागलं. दवाखान्यात पडल्यापडल्या भागाकार करून बघितला, दुसरं काम तरी काय होतं? 3,285 भागिले पाच वर्षांचे दिवस, 1,825. बरोबर एक रुपया ऐंशी पैसे. म्हणजे मी रोज एक रुपया ऐंशी पैसे भरत होतो ते माझ्यासाठी नाहीतच. मी ज्याला उडवीन त्या अनोळखी माणसासाठी. हा दर सरकार ठरवतं, सीसी बघून: पंच्याहत्तरपर्यंत एक, दीडशेपर्यंत एक, साडेतीनशेपर्यंत एक, त्याच्या वर एक. मी वीस वर्षांत कुणाला धक्का लावलेला नाही आणि शेजारचं पोरगं एका चाकावर गाडी चालवतं, तरी दोघांना वजावट सारखीच. हमालीचंही असंच आहे म्हणा. पोतं हलकं भरलेलं असो की ठासून, दर पोत्यावर.

आणि ती 15 लाखांची तिसरी ओळ चालू असती तरी मला दमडी मिळाली नसती, हेही तेव्हाच कळलं. ती मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी असते. दोन्ही हात किंवा पाय, दोन्ही डोळे गेले तर पूर्ण रक्कम, एक गेला तर निम्मी. मोडून जुळलेलं हाड त्यात बसत नाही. शिवाय ती फक्त आरसीवर ज्याचं नाव त्याच्यासाठी. आमच्या भावकीत निम्म्या गाड्या म्हाताऱ्यांच्या नावावर आहेत, आणि ते कधी गाडीवर बसत नाहीत.

तर मग माझा बाप कोण? त्या ट्रॅक्टरचा विमा. त्याच्या पॉलिसीत मी थर्ड पार्टी. पोरानं काढलेल्या फोटोतला नंबर मेव्हण्यानं एमपरिवाहन ॲपवर टाकला, तर ट्रॅक्टरचा विमा चालू दिसला. कंपनीचं नावही दिसलं. ट्रॉल्यांचा कुठंच पत्ता नाही. नंबरच नाही तर पत्ता कुठला.

दवाखान्यातून पोलिसांना एमएलसीचं, म्हणजे अपघाताचा पेशंट आल्याचं पत्र गेलं होतं. हवालदार जबाब घ्यायला आले, त्यांनी सरळ विचारलं, "मागून धडकलात तुम्ही. गुन्हा कुणावर घ्यायचा?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कागदावर मागून धडकलेला दोषी दिसतो. फोटो दाखवले तेव्हा ते जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे व्हाट्सॲपवर पाठवा, आणि मूळ मोबाईल जपून ठेवा." फिर्याद नवव्या दिवशी नोंदली गेली. भारतीय दंड संहितेची कलमं 283 आणि 338: रस्त्यात धोकादायक अडथळा, आणि हयगयीनं गंभीर दुखापत. त्यानंतर सहा महिन्यांनी, जुलैपासून, भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळं आता कलमांचे आकडे वेगळे आहेत.

नवव्या दिवशी का, याचं कारण तात्या. तात्या म्हणजे माझे चुलते. ट्रॅक्टरमालक त्यांच्या ओळखीतला निघाला, जतकडचा. तो पाचव्या दिवशी दवाखान्यात आला, एक डझन केळी आणि पाव किलो पेढे घेऊन. तात्या बरोबर.

"काय ओ दिवाणजी, देवानं वाचिवलं बघा," तो म्हणाला. "आता पोलिसाबिलिसात कशाला? ट्रॅक्टर अडकला तर हंगाम बुडतोय माझा. टोळीला उचल दिलीया सात लाख."

"पंधरा-वीस हजार घे आणि मिटवून टाक," तात्या म्हणाले. "उद्या ह्येच्याच ट्रॅक्टरनं आपला ऊस जाणार हाय."

माझी आई कोपऱ्यात बसली होती. ती एकदम म्हणाली, "भावजी, बिल बघा आधी त्याचं. मग आकडा बोला."

मला त्या माणसाचा राग आला नाही, हे कबूल करतो. सात लाखांची उचल देऊन बसलेला माणूस टायर बसला म्हणून रस्त्यात रडत असणार, रिफ्लेक्टर कुठून आठवणार त्याला. पण मेव्हण्यानं त्याला बाहेर नेऊन सांगितलं ते फार उपयोगाचं ठरलं: "मालक, हे पैसे तुमच्या खिशातून नको आहेत. तुमच्या विम्यातून हवेत. तुम्ही त्याचेच हप्ते भरताय की." हे त्यालाही माहीत नव्हतं. तोही आपला विमा ट्रॅक्टर दुरुस्तीचा समजत होता. आम्ही दोघंही सारखेच.

वकील सांगलीतलेच गाठले. त्यांनी पहिल्यांदा तारीख विचारली. अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज गेला पाहिजे, 2022 च्या एप्रिलपासून तशी मुदत आली आहे. त्याआधी ती नव्हती, त्यामुळं लोक अजून "दोन-तीन वर्षांत टाकू" म्हणून बसतात. नंतर त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. आता नियमच असा आहे की पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती 48 तासांत प्राधिकरणाला कळवायची, पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल द्यायचा, नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल. जखमीला त्याच्या हक्कांचा छापील कागदही द्यायचा. मी विचारलं, मग वकील कशाला? ते हसले. "नियम आहेत, पण तुमचं काम कागदांवर चालतं. तुम्ही दिवाणजी ना? मग कागद गोळा करा."

केले. फिर्यादीची नक्कल, घटनास्थळाचा पंचनामा, दुखापतीचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची 61 बिलं, लायसन, आरसी, शेठचा पगाराचा दाखला. शेवटच्यावर जरा अडलं. माझा पगार अठरा हजार, पण त्यातले पंधराच वहीत येतात. शेठ म्हणाले, "दाखला पंधराचाच मिळेल बाबा, वहीत आहे तेवढाच." वरचे तीन हजार मला रोख घ्यायला बरे वाटायचे. त्या दिवशी कळलं की ते माझ्या हाडाच्या किमतीतून वजा झाले.

पंचनामा वाचताना पोटात गोळा आला. त्यात गाडी होती, काचा होत्या, रस्त्याची रुंदी होती, फांदी होती, दगड होते. हेल्मेट नव्हतं. असणार कुठून? पंच येण्याआधीच ते डब्याबरोबर माझ्या घरी गेलेलं. आणि विमा कंपनीच्या कैफियतीत, म्हणजे कोर्टाला दिलेल्या लेखी उत्तरात, तिसराच मुद्दा आला: अर्जदारानं हेल्मेट घातलं नव्हतं, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 चा भंग, म्हणून इजेला तो स्वतः जबाबदार. हेल्मेट न घालणाऱ्याला कलम 194-ड खाली दंड होतो, लायसन तीन महिने निलंबित होतं, एवढं मला माहीत होतं. पण न घातल्याचा आरोप असा दीड वर्षानं भरपाईतून कापायला येतो, हे नवीन होतं. आणि 129 मध्ये नुसतं डोक्यावर ठेवणं पुरत नाही, पट्ट्यानं घट्ट बांधलेलं पाहिजे असं लिहिलंय.

हेल्मेट घरीच होतं. आईनं धुऊन, पुसून, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवलेलं. "रक्त होतं रं त्याला," ती म्हणाली. पुरावाच धुतला गेला होता. चीर होती, पट्टा होता, मागं आयएसआयचा 4151 चा शिक्काही होता. पण ते त्याच रात्रीचं आहे हे कोण सांगणार? शेवटी सापडलं ते दवाखान्याच्या पहिल्या कागदात. रात्री ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी घाईघाईत जे खरडलं होतं, त्यात शेवटी दोन शब्द होते: "हेल्मेट प्लस". म्हणजे होतं. वकिलांनी त्या दोन शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, "ह्या बाईंना चहा पाजा एकदा."

विजयनगरच्या कोर्टात मी एकूण अकरा वेळा गेलो. त्यातल्या सात वेळा पुढची तारीख. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कोर्टात सगळ्यांचं तेच होतं. एकदा उलटतपासणी झाली. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "वेग किती होता?" मी म्हणालो, चाळीस. "मग चाळीस फुटांवरून ट्रॉली दिसायला हवी." मी टेम्पोच्या अप्परचं सांगितलं. "अप्परनं दिसेनासं झालं तर थांबायला हवं होतं की नाही?" हवं होतं. मी तसंच म्हणालो. माझे वकील मान खाली घालून कागद चाळायला लागले. बाहेर आल्यावर म्हणाले, इतकं खरं बोलायची गरज नव्हती. मी म्हणालो, शपथ घेतली होती.

कंपनीचं खरं म्हणणं वेगळंच होतं. ट्रॅक्टर शेतीसाठी विमा उतरवलेला, आणि तो तर भाड्यानं कारखान्याचा ऊस वाहत होता. म्हणजे पॉलिसीच्या अटीचा भंग. आणि धडक बसली ट्रॉलीला, ट्रॉलीचा विमाच नाही. यावर कोर्टं कधी कधी कंपनीनं आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश देतात. हे ऐकून ट्रॅक्टरमालकाचा चेहरा पडला. त्याच्या वकिलांनी मग कंपनीशी आणि आमच्याशी बोलणी सुरू केली.

आकडे कसे निघतात हे मला मात्र आवडलं, खोटं कशाला बोलू. वकील ज्याला सरला वर्मा म्हणतात, त्या सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या निकालात वयाप्रमाणं गुणकाचा तक्ता आहे. माझं वय 38, छत्तीस ते चाळीसला गुणक 15. पगार 15,000, बारा महिन्यांचे 1,80,000, गुणिले 15 म्हणजे 27 लाख. हाडांच्या डॉक्टरांनी अपंगत्व 10 टक्के दिलेलं, म्हणजे 2 लाख 70 हजार. पुढची पगारवाढ धरून 40 टक्के जादा: 3 लाख 78 हजार. दवाखाना 1 लाख 34 हजार. तीन महिन्यांचा बुडालेला पगार 45 हजार. बेरीज 5 लाख 57 हजार. मग वजावट. मागून धडकलो म्हणून माझ्या चुकीचे म्हणून पंचवीस टक्के काढा, कंपनीचं म्हणणं. आणि दिवाणजीला बसून लिहायचं काम, त्याला खांद्याचं अपंगत्व दहा टक्के कसलं, हेही त्यांचंच. उजव्या हातानं दिवसभर लिहिणाऱ्याला विचारा म्हणावं. ही पट्टीच होती. फरक इतकाच की या वेळी पोतं मी होतो.

सप्टेंबर 2025 च्या राष्ट्रीय लोकअदालतीत 3 लाख 40 हजारांवर मिटलं. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, ना त्यांना ना मला. म्हणूनच कंपन्या तिथं जरा सैल होतात, असं वकील म्हणाले. पैसे दीड महिन्यानं खात्यावर आले. त्यातून वकिलांची फी, आणि ऑपरेशनला मेव्हण्याकडून घेतलेले सत्तर हजार गेले. गाडीची दुरुस्ती 18,400 झाली होती, तीही त्यातूनच निघाली म्हणायची. ओन डॅमेजची ओळ जिवंत असती तर ती वेगळी मिळाली असती.

मधल्या काळात, 2025 च्या मे महिन्यात, केंद्र सरकारनं रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवस, दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार अशी योजना आणली. माझा अपघात सोळा महिने आधीचा. असती तर मेव्हण्याचे उपकार थोडे कमी झाले असते. तो अजून लग्नकार्यात चारचौघांत ते सत्तर हजार काढतो.

ट्रॅक्टरमालक मागच्या हंगामात यार्डात भेटला, हळद घेऊन आला होता. मीच त्याची पट्टी लिहिली. ट्रॉल्यांचं पासिंग केलं का, असं विचारलं. "एकीचं केलंय," तो म्हणाला. "दुसरीचं बघूया." पण दोन्हींच्या पाठीला लाल रेडियमची पट्टी आहे, ही त्यानं मला मोबाईलवर दाखवली. ट्रॅक्टर एवढा धुतलेला मी आधी कधी बघितला नव्हता.

पैसे आल्याच्या आठवड्यात मी ओन डॅमेज आणि पर्सनल ॲक्सिडेंट परत घ्यायला गेलो. तीन वर्षं खंड पडलेला, त्यामुळं नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, काही नाही. नव्वद दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की तो जातोच. आणि गाडीचं इन्स्पेक्शन. एजन्सीतलं पोरगं मोबाईल घेऊन गाडीभोवती फिरलं, नंबरप्लेट, चेसिस नंबर, मीटर, चारी बाजू. टाकीच्या उजव्या बाजूला त्या रात्रीचा चरा अजून आहे, उसाच्या कांड्याइतका लांब. त्यावर त्यानं कॅमेरा जवळ नेला आणि रेकॉर्डिंगमध्येच म्हणाला, "टाकीवर जुना डॅमेज, हा क्लेममध्ये धरला जाणार नाही."

मग कागद पुढं केला. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर आलो तेव्हा पोरानं घड्याळाकडं बघितलं. मागं दोघं-तिघं उभे होते.

"काका, सगळे असेच सही करतात," ते म्हणालं.

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि तिसरं पान उलटलं.